बाळाची उलटी हिरवी असेल तर

बाळ ओकलं की आधी रंग बघा. पांढरी, फाटलेल्या दुधासारखी गुळणी बहुतेक बाळं टाकतात. गर्द हिरवी उलटी म्हणजे पित्त वर आलंय, आतड्यात पुढे कुठेतरी वाट बंद असू शकते. शंका असेल तर पांढऱ्या फडक्यावर टिपून उजेडात बघा, आणि ते फडकं दवाखान्यात सोबत न्या.

पहिल्या महिन्यात अशी उलटी सर्वांत धोक्याची. आतड्याला पीळ पडला तर रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत आतडं निकामी होतं. सुरुवातीला पोट मऊ, सपाट असतं, शीही होते. त्यामुळे ‘पोट फुगलेलं नाही, म्हणजे काही नाही’ हा हिशेब चुकतो.

साधारण ५ ते १० महिन्यांच्या बाळात वेगळा प्रकार जास्त दिसतो: आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. बाळ अचानक किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, पांढरं पडतं. काही मिनिटांनी शांत होतं, १५–२० मिनिटांनी पुन्हा तेच. घरात याला पोटदुखी समजून हिंग लावलं जातं. हिंगाने बिघडत नाही, वेळ जातो. दोन कळांच्या मध्ये बाळ मलूल पडत असेल तर निघाच. रक्त-शेम मिसळलेली लाल, जेलीसारखी शी उशिरा दिसते, तिची वाट पाहू नका. लवकर पोचलं तर बऱ्याचदा गुदद्वारातून हवा किंवा सलाईन सोडून आतडं सोडवता येतं.

नवजात बाळाची पहिली काळी शी ४८ तासांतही झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. फक्त अंगावर पिणारं मोठं बाळ मात्र कधीकधी पाच-सात दिवस शी करत नाही. पोट मऊ आणि पिणं नीट असेल तर चालतं. लंगोट काढून जांघही तपासा. आत न जाणारी, दुखणारी, कडक गाठ म्हणजे अडकलेला हर्निया.

निघताना दूध, पाणी, घुटी, ग्राइप वॉटर, एरंडेल काहीही देऊ नका. पुण्यात संध्याकाळच्या गर्दीत एका दवाखान्यातून दुसरीकडे पाठवलं की तास सहज जातो. म्हणून आधी फोन करून विचारा: लहान मुलांचे सर्जन आणि सोनोग्राफी आत्ता आहे का? नसेल तर सरळ ससूनसारखं मोठं रुग्णालय गाठा. बाळ निपचित असेल तर १०८. शेवटचं दूध, शी आणि शू किती वाजता झाली, ते वाटेतच लिहून ठेवा.