नवरा नको, मूल हवंय: साताऱ्यात राहून काय काय करावं लागतं

पहिलं काम, पॅन आणि आधार काढून समोरासमोर ठेवा आणि नाव, जन्मतारीख दोन्हीवर सारखी आहे का बघा. हसू नका. माझ्या आडनावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि पॅनवर दुसरं, ते एक अक्षर सरळ करण्यात पावणेदोन महिने गेले, तोवर पुढं सरकताच येईना. लग्न न करता मूल घ्यायचं म्हणलं की सगळ्यांना वाटतं पहिली अडचण समाजाची, आईवडलांची. माझी पहिली अडचण एक इंग्रजी अक्षर होतं.

मी साताऱ्यात गोडोलीत राहते, नोकरी करते. 36 व्या वर्षी दत्तकासाठी नाव घातलं, साडेतीन वर्षांनी लेक घरी आली. माझी एक मैत्रीण सांगलीला विश्रामबागेत असते, तिनं डोनर, म्हणजे अनोळखी दात्याचं वीर्य, घेऊन स्वतःच्या पोटचं मूल केलं. म्हणजे दोन्ही वाटा जवळनं बघितल्यात. आणि दोघींचंही म्हणणं एकच पडलं, की आधी घरच्यांना पटवते, मग भावाला, मग ऑफिसात सांगते, आणि मग सुरू करते, असं केलं असतं तर अजून पटवतच बसलो असतो. कागद आधी हलवा. माणसं मागनं येतात, काही येत पण नाहीत.

घाई करा म्हणते त्याला कारण वय. दत्तकाच्या नियमात एकट्या बाईला 2 वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर तिचं वय 40 पर्यंत चालतं, 2 ते 4 वर्षांच्या मुलासाठी 45, 4 ते 8 साठी 50, त्याच्या वरच्या मुलांसाठी 55. शिवाय आई आणि मुलात निदान 25 वर्षांचं अंतर लागतं. डोनरची वाट असेल तर 2021 च्या एआरटी कायद्यात, म्हणजे दवाखान्याच्या मदतीनं मूल होण्याच्या कायद्यात, बाई 21 च्या वर आणि 50 च्या आत हवी, लग्न झालेलं असायलाच पाहिजे असं नाही. पण कायदा 50 म्हणाला म्हणून अंडाशय 50 पर्यंत थांबत नाही, पस्तिशीनंतर अंडी भराभर कमी होतात आणि त्यांचा दर्जाही उतरतो. सरोगसीचं, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटी आपलं मूल वाढवण्याचं, विचारणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात, तर ती वाट एकटीसाठी फक्त विधवा किंवा घटस्फोटित असेल तर, तेही 35 ते 45 वयात. अविवाहितेला नाही. बरोबर की चूक ते राहू दे (मला चूक वाटतं), पण त्यात पैसे आणि वर्षं घालवू नका.

आता दत्तक. सगळं कारा नावाच्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पोर्टलवरनं होतं. फोटो, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट, घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूम. हे सगळं नोंदणीनंतर 30 दिवसांत अपलोड करायचं. कंप्युटर जमत नसेल तर प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, महिला व बालविकास खात्याच्या हाताखाली, तिथं जाऊन विचारा, त्यांचं कामच आहे ते.

एकटीसाठी एक जादा कागद लागतो आणि तोच सगळ्यात अवघड. जवळच्या नातेवाइकाचं हमीपत्र, की हिला काही झालं तर मुलाला मी सांभाळीन. माझा सख्खा भाऊ आधी लगेच हो म्हणाला, मग चार दिवसांनी फोन, "अगं ताई, हिचं म्हणणं पडतंय की सही कशाला, तोंडी आहेच की आपलं." तोंडी! राग आला, रडले पण, आणि मग कऱ्हाडच्या मावसभावाला फोन लावला. त्यानं विचारलं, पेन घेऊन येऊ का तिथं आहे? बास. तर हमीपत्राचं माणूस निवडताना नातं किती सख्खं ते बघू नका, रात्री अडीचला फोन उचलतो का ते बघा. आणि त्याच्या बायकोशी पण आधी बोला, मी नव्हते बोलले.

कागद चढले की होम स्टडी. सोशल वर्कर घरी येऊन रिपोर्ट लिहितात, त्याची फी 6000 रुपये, रिपोर्ट 3 वर्षं चालतो. मी पडदे धुतले, आईनं सोफ्याचे अभ्रे बदलले, कांदेपोहे, वड्या, सगळी बघण्याच्या कार्यक्रमाची तयारी. (आईच्या डोक्यात तोच कार्यक्रम असणार, काय करणार.) मॅडमनी पाणी सोडून कशाला हात लावला नाही. गॅलरीत गेल्या, कठड्याच्या दोन गजांमधनं स्वतःची मूठ घालून बघितली, ती आरपार गेली, "इथं जाळी लावून घ्या" म्हणाल्या. पगार विचारला, कर्ज विचारलं, लग्न का नाही केलं हेही विचारलं, पण टोमणा नव्हता त्यात. आणि मग विचारलं, रात्री मुलीला ताप आला आणि तुम्हालाही ताप असेल तर दार कोण उघडणार? मला वाटलेलं बँक बॅलन्सवर विचारतील, त्याची उत्तरं पाठ होती, ह्याचं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या काकींचं नाव घेतलं आणि त्या गेल्यावर खाली जाऊन काकींना सांगितलं की तुमचं नाव दिलंय बरं का. तुम्ही आधीच सांगून ठेवा. खोटं काही बोलू नका, पूर्वी डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही सांगा, लपवलेलं नंतर निघालं की जास्त त्रास.

मग वाट बघायची. निरोगी, लहान मूल हवं असेल तर तीन वर्षं धरून चाला, यादी मोठी आहे आणि मुलं कमी. एकट्या बाईला मुलगा, मुलगी दोन्ही घेता येतं, मुलगाच किंवा मुलगीच असं न धरता दोन्ही चालेल म्हणलं तर संधी वाढते. वयानं मोठी किंवा विशेष गरजा असलेली मुलं लवकर मिळतात, पण "लवकर मिळतंय" एवढ्यासाठी तिकडं जाऊ नका, पोरावर अन्याय होतो.

ह्या मधल्या काळातच कुणीतरी भेटतं. "एका दवाखान्यात मुलगी आहे, आईला नकोय, तीन लाखात होईल." मला भेटलं होतं, लग्नात, जेवणाच्या पंगतीत, वाढपी जिलबी घेऊन उभा आणि हा माणूस दर सांगतोय. असलं मूल घेणं म्हणजे विकत घेणं, बाल न्याय कायद्यात त्याला 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख दंड आहे, आणि उद्या मूल काढून नेलं तर जीव कसा राहील ते बघा. सरळ उठून जा. नात्यातलंच मूल असेल तर रस्ता वेगळा, त्याला वकील गाठा.

मुलाची माहिती आली की 48 तासांत हो किंवा नाही सांगायचं. मला मेसेज आला शुक्रवारी संध्याकाळी, मी पोवई नाक्यावर भाजी घेत होते, मेथीची जुडी तशीच त्या बाईच्या पाटीवर राहिली, पैसे मात्र देऊन आले. फोटो बघून हो म्हणावंसं वाटतंच, पण सोबत मेडिकल रिपोर्ट असतो तो बालरोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय बटण दाबू नका. वजन, डोक्याचा घेर, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या, लसी, हे सगळं त्यात असतं. असा डॉक्टर आधीच ठरवून ठेवा, शनिवारी रात्री शोधायला लागलात तर हाल होतील. आमच्या डॉक्टरनी डोक्याचा घेर तक्त्यावर पेन्सिलनं टिंब काढून दाखवला, म्हणाले लहान चणीची आहे, बाकी काही नाही, खायला घाला. हो म्हणल्यावर 30 दिवसांत संस्थेत जाऊन मूल बघून पुढचं पक्कं करायचं. पैसे ठरलेल्या फीएवढेच आणि पावतीनंच, कुणाला चहापाण्याला द्यायचे नाहीत. घरी आल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सोशल वर्कर येऊन बघून जातात, त्याला घाबरायचं नसतं.

डोनरची वाट मैत्रिणीची, तिनं सांगितलं ते लिहिते. आधी रक्त, एएमएच म्हणजे किती अंडी शिल्लक आहेत त्याचा अंदाज देणारी तपासणी, थायरॉइड, सोनोग्राफी, आणि गर्भाशयाच्या नळ्या उघड्या आहेत का ते. थॅलेसेमिया म्हणजे आईबापाकडनं येणारा रक्ताचा आजार, त्याची तपासणी पण करून घ्या, तुम्ही वाहक निघालात तर डोनर तरी वाहक नाही ना ते बघता येतं. फॉलिक अॅसिड डॉक्टरला विचारून आधीपासनंच सुरू. वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच येतं, डोनरचं नाव कळत नाही, उंची, रंग, शिक्षण, रक्तगट एवढं कळतं. ओळखीतला मित्र तयार आहे म्हणणाऱ्या असतात, ते क्लिनिकमध्ये चालत नाही, आणि घरगुती उपाय तर अजिबात नको, उद्या तोच माणूस बाप म्हणून दारात उभा राहिला तर कागद काय आहे तुमच्याकडं? कायदेशीर वाटेनं गेलात तर डोनरचा मुलावर काही हक्क राहत नाही, मूल तुमचंच.

तिला पहिल्या क्लिनिकमध्ये काऊंटरवरच्या बाईनं सगळ्यांसमोर विचारलं, मिस्टर कुठायत? नाहीत. येणारेत का? नाहीत. मग फॉर्म कसा भरू? तिनं फॉर्म उलटा करून परत दिला आणि दुसरीकडं गेली. तर पहिला फोन करतानाच स्पष्ट विचारा, एकट्या बाईला करता का, कायद्याखाली नोंदणी आहे का. दोन्हीला लगेच हो आलं तरच एसटीत बसा. तीन वेळा आययूआय केलं, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडतात ते, लागलं नाही, मग आयव्हीएफ, म्हणजे गर्भ बाहेर तयार करून आत ठेवतात ते. आयव्हीएफच्या एका खेपेला दीड ते अडीच लाख सहज जातात, आणि एका खेपेत होईलच असं कुणी सांगत असेल तर उठा. इंजेक्शनं रोज ठरल्या वेळी, पोटात, ती स्वतःच टोचायची, फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागं ठेवलेली कारण आईला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात सांगितलं. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी डिंक घेऊन आली.

दोन्ही वाटा एकदम धरायच्या का? नाव दत्तकाच्या यादीत आणि इकडं उपचार, अशा जणी आहेत. करा, पण सोशल वर्करला सांगून, आणि दत्तक म्हणजे "ते नाही झालं तर हे" असं मनात असेल तर थोडं थांबा.

नोकरीचं. पोटचं मूल असेल तर प्रसूती रजा 26 आठवडे, मंगळसूत्र बघून मिळत नाही ती. दत्तक आईची रजा वेगळी असते, ती आपल्या ऑफिसातनं लेखी घ्या, साहेबाच्या "बघू की" वर जाऊ नका. मेडिक्लेममध्ये मुलाचं नाव कधी घालता येतं ते विचारा, टर्म इन्शुरन्स काढा आणि मृत्युपत्र करा, त्यात मुलाचा पालक कोण ते नावानिशी. चाळिशीत मृत्युपत्र म्हणलं की आई "शुभ बोल" करते. करायचं तरी. आणि पाळणाघर आधी बघून ठेवा, साताऱ्यात चांगल्या ठिकाणी सहज जागा मिळत नाही.

बापाचं नाव. सुप्रीम कोर्टानं 2015 मध्येच सांगितलंय की अविवाहित आईनं प्रतिज्ञापत्र दिलं की जन्मदाखला द्यायचा, बापाचं नाव विचारत बसायचं नाही. पासपोर्टलाही एका पालकाचं नाव चालतं. आणि आपल्याकडं 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं. तरी खिडकीवरचा माणूस विचारणारच, कारण त्याच्या फॉर्मला रकाना आहे. भांडू नका, निकालाची प्रिंट फायलीत ठेवा आणि वरच्या साहेबाकडं जा. माझी निळी फाईल आहे, त्यात प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स, लेकीनं एकावर पेननं रेघोट्या मारल्यात, ती पण चालली.

बारशाचं राहिलंच. आमच्यात नाव आत्या ठेवते, बाळाच्या कानात कुर्रर्र करते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आता बापच नाही तर आत्या कुठनं आणायची, ह्यावर दोन दिवस घरात खल. शेवटी खालच्या काकी म्हणाल्या, माझं नाव दिलंवतं ना त्या मॅडमला, मग धपाटे पण मीच खाते. लेक 14 महिन्यांची, पाळण्यात राहीचना, काकी वाकल्या तर तिनं त्यांचं नाकच धरलं आणि नाव कानात जायच्या आधी पाळण्याबाहेर उतरून पेढ्यांच्या ताटाकडं गेली, त्यामुळं नाव तिच्या मागं मागं जाऊन ताटापाशी ठेवावं लागलं.