रॅकमधील नेटवर्क उपकरणांची एसी वीजजोडणी

स्विच किंवा राउटर रॅकमध्ये घट्ट बसवल्यावर सर्वांत आधी जोडावी ती अर्थिंगची वायर, आणि उपकरण काढताना तीच सर्वांत शेवटी सोडावी. उपकरणाच्या अर्थ-स्क्रूपासून रॅकच्या अर्थ पट्टीपर्यंत हिरवी-पिवळी वायर, टोकांना लग (स्क्रूखाली बसणारी धातूची चकती) नीट दाबून, न्यावी. लग रंगवलेल्या पत्र्यावर येत असेल, तर तेवढा रंग खरवडावा, कारण रंगावर कसलेला स्क्रू दिसायला पक्का असला तरी संपर्क देईलच असे नाही.

पीडीयूचा (रॅकमधील उपकरणांना वीज वाटून देणाऱ्या सॉकेट-पट्टीचा) प्लग लावण्यापूर्वी जाणकार इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मल्टिमीटरने तपासून घ्यावे. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ या दोन्ही मापांत सुमारे 230 व्होल्ट दिसावेत, तर न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी थोडे. तेथे मोठा आकडा आला, तर दोष सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. अर्थची पिन काढून काम भागवणे तर सर्वस्वी वर्ज्य.

दोन पॉवर सप्लाय असल्यास ते वेगवेगळ्या सर्किटांवरील दोन पीडीयूंना जोडावेत. एक सर्किट गेले की सगळा भार दुसऱ्यावर येतो, त्यामुळे 16 अँपिअरची दोन सर्किटे असली तरी दोन्हींचा मिळून भार साधारण 12 अँपिअरपर्यंतच ठेवावा. जोडणीनंतर, शक्यतो कामकाज सुरू होण्याआधी, एकेक पीडीयू बंद करून हे पडताळावे. दुरुस्तीसाठी उपकरण उघडताना मात्र दोन्ही कॉर्ड काढाव्यात. एक काढली तरी ते चालूच राहते.