रविवारचं मटण सोडायचंय? सुरुवात कुठून करावी

इंदुरात होळकरांच्या फौजेबरोबर आलेल्या कित्येक मराठी घरांत रविवार म्हणजे मटण, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आता त्याच घरांतली तरुण मुलं पर्यावरणासाठी मांसाहार सोडायचं म्हणतात. त्यांना माझं सांगणं एवढंच, की सगळं एका दिवसात बंद करू नका. क्रम लावा, कारण या विषयात क्रमालाच खरं महत्त्व आहे.

१. आधी मटण, मग कोंबडी

शेळी-मेंढी, गाय-म्हैस ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटात चारा आंबताना मिथेन तयार होतो आणि ढेकरांवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात जगाची सरासरी काढली आहे: १०० ग्रॅम प्रथिनांमागे मेंढीच्या मांसातून जवळपास २० किलो उत्सर्जन, कोंबडीतून ६ किलोच्या आत आणि कडधान्यांतून १ किलोपेक्षाही कमी. म्हणून पहिलं मटण थांबवा. कोंबडी सध्या चालू राहिली तरी तुमचा मोठा भार उतरलेला असतो.

२. श्रावण लांबवा

श्रावणात बहुतेक घरांत मांसाहार बंदच असतो, स्वयंपाकघराला त्याची सवय असते. तो संपल्यावर लगेच मटण आणायला न धावता गणपती जाऊ द्या, मग पितृपक्ष, मग नवरात्र. दसऱ्यापर्यंत जिभेची सवय बरीच बदललेली असते.

३. वाटण सोडू नका

माझ्या मते इथेच बहुतेकांचं फसतं. मटण सोडलं म्हणून रविवारी साधं वरण-भात केलं, तर घरात कुणीच खूश राहत नाही. आपल्याला आठवण येते ती बरीचशी रश्श्याची, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची, लवंग-दालचिनीची. ते सगळं तसंच ठेवा.

चार माणसांना दीडशे ग्रॅम सोयाबडी पुरते. उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग गार पाण्यात टाकून दोन्ही हातांनी घट्ट पिळा. पुन्हा पाण्यातून काढा, पुन्हा पिळा. या दुसऱ्या पिळण्याचा आळस केला की उग्र वास राहतो आणि मग सगळे म्हणतात, सोयाबडी चांगली लागत नाही. पिळलेल्या बडीला आलं-लसूण, हळद, तिखट आणि दोन चमचे दही लावून अर्धा तास मुरू द्या. तेलात ती आधी खरपूस परता, मगच वाटण घाला. वर तेल सुटेपर्यंत वाटण परतून गरम पाणी घाला आणि मंद आचेवर झाकून ठेवा.

उन्हाळ्यात याच वाटणात कच्चा फणस, म्हणजे इथल्या बाजारातलं कटहल, फार छान शिजतं. चिरताना हाताला आणि सुरीला तेल लावा. एरवी काळे चणे, अख्खा मसूर आहेतच. सियागंजातून महिन्याचं कडधान्य एकदम आणलं की आयत्या वेळी अडत नाही.

सोयाबीन तर आपल्या माळव्याचंच पीक. त्याच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही इथेच खंडवा रोडवर आहे. तेल काढून उरलेली पेंड मोठ्या प्रमाणावर कोंबड्यांच्या खाद्यात जाते. सोयाबडीही तेल काढलेल्या सोयापिठाचीच असते, आणि तिच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५० ग्रॅम प्रथिनं असतात. कोंबडीमार्फत घेण्यापेक्षा ती थेट ताटात घेतलेली बरी.

४. पनीरचा मोह आवरा

एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं, आणि दूध देणारी जनावरंही रवंथ करणारीच. वरच्याच अभ्यासात चीजचं उत्सर्जन प्रथिनांच्या मापाने कोंबडीपेक्षा जास्त भरलं आहे. मटणाच्या जागी रोज पनीर आलं, तर ज्या कारणासाठी सोडलं तेच हातचं जातं. पनीर सणावारी ठेवा.

५. तब्येत सांभाळा

बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध, दही, अंडी यांतून मिळतं. तेही बंद करणार असाल, तर गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला. घरात गरोदर बाई, लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील, तर त्यांच्या आहारात बदल करण्याआधी हे विचाराच. कडधान्याच्या भाजीवर लिंबू पिळा, त्यामुळे त्यातलं लोह अंगी लागतं.

६. घरच्यांवर सक्ती नको

सासूबाई किंवा काका मटण खाणार असतील तर खाऊ द्या. त्याच वाटणाची तुमची भाजी वेगळ्या पातेल्यात करा. वाटण एकच असल्याने कष्ट फारसे वाढत नाहीत. कुळाचारात बोकडाचा नैवेद्य असेल, तर तो विषय अगदी शेवटी काढा, तोही घरातल्या मोठ्यांना एकट्यात भेटून. वर्षाकाठच्या त्या एका दिवसावरून भांडण झालं, तर बाकीच्या रविवारांचंही कुणी ऐकून घेणार नाही.