जुन्या गाडीचं पासिंग आणि विमा: रंगकामाआधी या चुका टाळा

कोल्हापुरात जुनी गाडी उभी करणं तसं अवघड नाही. उद्यमनगरात लेथवरचा माणूस बाजारात न मिळणारा बुश एका दुपारीत कातून देतो, फौंड्रीवाला पॅटर्न करून अख्खं हाउसिंग ओतून देतो, आणि पत्र्याचं काम जाणणारे जुने हात अजून शिल्लक आहेत. अडतं ते कागदापाशी. गाडी चकचकीत होऊन दारात उभी असते, पण आरसी बुकात लिहिलेली गाडी ती हीच, हे दाखवता येत नाही. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: आधी रंग, मग कागद.

नंबर घासून टाकणे

गाडी ताब्यात आली की पहिल्याच दिवशी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर शोधा. वायर ब्रशने हलकेच साफ करा, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या, मोबाईलवर फोटो काढा आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. हे सगळं गाडी सँडब्लास्टिंगला जाण्याआधी. पन्नास वर्षं गंज खाल्लेला पंच, म्हणजे धातूत ठोकलेला नंबर, मुळातच उथळ झालेला असतो. वाळूचा मारा किंवा ग्राइंडरचा एक हात त्याला पुरतो, आणि उरलंसुरलं लांबी (पुट्टी) आणि प्रायमरखाली जातं. तपासणीला गेल्यावर निरीक्षक बॅटरी मारून बघतो, नंबर दिसत नाही, फाइल परत.

नंबर पुसलाच असेल तर परस्पर पंच मारून घेऊ नका. उद्यमनगरात ते दहा मिनिटांचं काम आहे, म्हणून तर मोह होतो. पण ताजा पंच जाणत्या नजरेला लगेच कळतो आणि मग विषय पासिंगचा राहत नाही, चोरीच्या गाडीचा होतो. रिपंचिंगसाठी आरटीओकडे अर्ज करायचा, जुना ठसा, जुनी विमा पॉलिसी, जुने फोटो जोडायचे, लेखी परवानगी घ्यायची आणि पंच मारल्यावर त्याची नोंद करून घ्यायची. वेळ लागतो, पण दुसरा सरळ रस्ता नाही.

कधी कधी धातू बरोबर असतो आणि आरसी चुकलेली असते. हाताने लिहिलेल्या जुन्या पुस्तकात ८ चा बी झालेला, शून्याचा ओ झालेला असतो. ही दुरुस्ती इतर कुठल्याही अर्जाच्या आधी करून घ्या. नाहीतर तीच चूक नव्या स्मार्ट कार्डावर येते, तिथून पॉलिसीवर येते, आणि क्लेमच्या दिवशी तिची आठवण काढली जाते.

इंजिन बदललंय, पण कागदाला माहीत नाही

आपल्याकडच्या जीपचा हा ठरलेला घोळ. राधानगरी, गगनबावड्याकडच्या चढांवर पेट्रोल परवडेना म्हणून किती तरी जुन्या पेट्रोल जीपना पुढे डिझेल इंजिन बसवलं गेलं. जीप चालते झकास, पण आरसीत इंधन पेट्रोल आणि इंजिन नंबर भंगारात गेलेल्या इंजिनाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल नोंदवलेला असावा लागतो. न नोंदवलेला बदल सापडला की पासिंग अडतं आणि विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं.

असली जीप घेताना मालक म्हणतो, "अहो, वीस वर्षं असंच फिरतोय, कोण बघतंय?" खरं असेल. तो वीस वर्षं पासिंगच्या खिडकीत गेलेला नसतो. मूळ जातीचं पेट्रोल इंजिन मिळत असेल तर ते परत बसवा, कारण पुढे व्हिंटेज नोंदणी करायची झाली तर बदललेलं इंजिन घेऊन ती होत नाही.

जुनी म्हणजे व्हिंटेज, हा समज

दिल्लीकडच्या बातम्या वाचून लोक दोन टोकांचे समज करून घेतात. एक, पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीवरची ती बंदी दिल्ली राजधानी परिसराची आहे. आपल्याकडे खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांनी संपतं, आणि तपासणीत उतरली तर पुढे दर पाच वर्षांनी वाढवून मिळतं. दुसरा समज असा की जुन्या गाडीला व्हिंटेजचा शिक्का मारून घेतला की सगळं स्वस्त आणि सोपं.

व्हिंटेजचे नियम केंद्राने जुलै २०२१ मध्ये काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. अर्ज फॉर्म २० मध्ये परिवहन पोर्टलवरून करायचा, सोबत विमा पॉलिसी आणि जुनी आरसी, परदेशातून आणलेल्या गाडीला कस्टमचं बिल ऑफ एंट्री. राज्याची समिती गाडी पाहते. जुना नंबर असेल तर तो राखता येतो, नवा घेतला तर त्यात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, त्यानंतरच्या फेरनोंदणीला ५,०००. गाडी विकली तर घेणारा आणि देणारा दोघांनीही ९० दिवसांत कळवायचं.

आता खरी अट. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती आणि तिथवरची ये-जा, एवढंच. रविवारी घरच्यांना घेऊन पन्हाळ्यावर जाणं किंवा रंकाळ्यावर चक्कर मारणं त्यात बसत नाही.

म्हणून आकडेमोड करा. केंद्राच्या ऑगस्ट २०२५ च्या तक्त्यात २० वर्षांवरच्या हलक्या मोटारीच्या पासिंग नूतनीकरणाला १०,००० रुपये आहेत, दुचाकीला २,०००, आणि आयात केलेल्या चारचाकीला ८०,०००. फियाट किंवा अँबॅसेडरवाल्याला साध्या पासिंगचे दहा वर्षांत दोनदा मिळून २०,००० जातात, म्हणजे व्हिंटेजच्या पहिल्या दहा वर्षांइतकेच, आणि गाडी हवी तेव्हा काढता येते. माझ्या मते तिला व्हिंटेज करण्यात काही राम नाही. आयात केलेल्या जुन्या डॉज-ऑस्टिनचं गणित मात्र उलटं आहे. ती तशीही वर्षातून चार वेळा बाहेर पडते, आणि दर पाच वर्षांनी ८०,००० मोजण्यापेक्षा व्हिंटेज परवडतं. जावा-येझदीवाल्यांनी दोन हजार भरावेत आणि खुशाल फिरावं.

ऑनलाइन दिसत नाही म्हणजे नोंदच नाही?

१९८९ च्या आधीचा तीन अक्षरी नंबर परिवहनच्या साइटवर टाकला की बऱ्याचदा काहीच येत नाही. घाबरू नका, आणि 'नवा नंबर काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाच्या मागेही लागू नका. जुनी रजिस्टरं संगणकावर चढवताना अनेक गाड्या राहून गेल्या. मूळ आरसी, कर भरल्याच्या पावत्या, जुना विमा घेऊन ज्या कार्यालयात शेवटची नोंद आहे तिथे बॅकलॉग एंट्रीसाठी अर्ज द्यायचा. ते हस्तलिखित रजिस्टर काढून ताडतात आणि मगच गाडी संगणकात येते. ती आल्याशिवाय पासिंग, नावबदल, कर, काहीच पुढे सरकत नाही.

आरसी २०१९ किंवा २०२१ च्या पुरात भिजून लगदा झाली असेल, तर पोलिसांचा दाखला आणि फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत मिळते. पण त्यासाठीही कार्यालयात नोंद सापडावी लागते, म्हणून नंबराचा ठसा आणि जुनी पॉलिसी जपा.

आजोबांच्या नावावरची गाडी

मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ ने नाव लावायचं असतं. आपल्याकडे आजोबा जाऊन पंचवीस वर्षं झालेली असतात, वडीलही गेलेले, आणि नातू फियाट रंगवायला घेतो. वारस दाखला आणि सगळ्या वारसांची संमती आधी गोळा करा. गंजलेली होती तोवर गाडी कुणाला नको होती. रंग चढला की सांगलीच्या आत्यालाही तिच्यात बसून शाळेला गेल्याचं आठवतं.

आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय नावबदल नाही. फॉर्म ३५ वर बँकेची किंवा पतसंस्थेची सही लागते. संस्था दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर त्या बँकेकडे जा. अवसायनात गेली, म्हणजे बंद करून तिचे हिशेब मिटवायला काढले असतील, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात अवसायक कोण ते विचारा.

निपाणी-बेळगावकडची गाडी घेतली तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. केए पाटीवर इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि एमएच ०९ करताना इथला कर वेगळा भरावा लागतो.

विमा: स्वस्तातला कागद आणि रिकामी पॉलिसी

आरटीओ म्हणतं आधी विमा आणा, विमावाला म्हणतो आधी पासिंग दाखवा. हे कोडं सुटतं ते असं: जुन्याच नंबरावर, आरसीतल्या नावावर आधी नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त समोरच्याच्या नुकसानीची, पॉलिसी घ्या. तिला सहसा गाडीची तपासणी लागत नाही. मॉडेल ऑनलाइन यादीत नसेल तर सरकारी विमा कंपनीच्या शाखेत कागद घेऊन जा, तिथे हाताने भरून घेतात. त्या पॉलिसीवर पासिंग करा आणि मग पूर्ण विम्याकडे वळा. तोवर गाडी आरटीओपर्यंत न्यायची तर टोचन न करता ट्रकवर चढवून न्या, ब्रेकचा भरवसा नसलेली गाडी दोराला बांधून ओढण्यात शहाणपण नाही. विम्याशिवाय रस्त्यावर सापडलात तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनच्या तक्त्यात १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये, त्यावर ७,८९७, जीएसटी वेगळा. १,०८९ सीसीची फियाट पहिल्यात, दोन लिटरच्या पुढची पेट्रोल जीप दुसऱ्यात. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला यात निम्मी सूट आहे आणि ती मागितल्याशिवाय फारसं कुणी देत नाही.

पूर्ण विम्यात फसगत जास्त. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. तुम्ही गप्प बसलात की एजंट तीस-चाळीस हजार टाकून मोकळा होतो. चार लाख ओतलेली गाडी जळाली तर हातात तेवढेच. परवानाधारक सर्व्हेयरकडून मूल्यांकन करून घ्या, चारही बाजूंचे आणि आतले फोटो जोडा, आणि उद्यमनगरातल्या कामाची चिठ्ठी न घेता बिल घ्या. चिठ्ठीवरचा खर्च क्लेमच्या टेबलावर शून्य धरला जातो.

ठरलेल्या किमतीची पॉलिसी, ज्यात घसारा (वापराने घटलेली किंमत) न कापता पूर्ण रक्कम मिळते, ती जुन्या मोटर टॅरिफने, म्हणजे मोटार विम्याच्या जुन्या नियमावलीने, फक्त व्हिंटेज गाड्यांना दिली. पण तिथली व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली. आरटीओचा ५० वर्षांचा दाखला दाखवून ती आपोआप मिळेल असं धरून चालू नका, कंपनीकडून लेखी घ्या. आणि नेहमीच्या पॉलिसीत दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो, रबर-प्लास्टिकवरही निम्मा. बोनेट बदललं तर अर्धं तुमच्याच खिशातून.

पासिंग संपलेलं असताना विमा चालू ठेवून निर्धास्त राहणं ही आणखी एक चूक. तात्पुरती नोंदणी संपलेली मोटार चोरीला गेली तेव्हा, पॉलिसी चालू असूनही, भरपाई नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात योग्य ठरवलं. पीयूसीही बघा. इतक्या जुन्या गाडीला ती दर सहा महिन्यांनी लागते.

वरातीला आणि शूटिंगला

नवरदेवासाठी फुलं लावून जुनी गाडी देणं आपल्याकडे हौसेचं काम आहे. मित्राला दिलीत तर दिलीत. पैसे घेतले की ते भाडं झालं, आणि खासगी पॉलिसी भाड्याच्या वापराला लागू नसते. व्हिंटेज नोंदणीत तर व्यावसायिक वापराला बंदीच आहे. चित्रनगरीत शूटिंगला गाडी मागितली तर निर्मात्याकडून त्या दिवसांचा वेगळा विमा आणि नुकसानीची जबाबदारी लेखी घ्या, गाडी ट्रकवर चढवून पाठवा. रॅलीचं आमंत्रण आलं तरी पत्रक वाचा. नुसती मिरवणूक असेल तर ठीक, वेळेची किंवा वेगाची स्पर्धा असेल तर पॉलिसी त्यातून अंग काढते.

पुराचं म्हणाल तर नुसत्या थर्ड पार्टीत पाणी शिरल्याची भरपाई नाही, पूर्ण विम्यात आहे. व्हीनस कॉर्नर, दुधाळीकडे शेड असणाऱ्यांनी जूनच्या आत पूर्ण पॉलिसी घ्यावी. पाणी ओसरल्यावर इंजिनाला सेल्फ मारून बघू नका. पाणी भरलेलं इंजिन फिरवल्याने जे मोडतं ते कंपनी पुराच्या नुकसानीत धरत नाही. आधी पाण्याची खूण दिसेल असे फोटो, मग कंपनीला फोन, आणि सर्व्हेयर येऊन गेल्यावर मिस्त्री.