बर्लिनमध्ये दोन वर्षांचं व्हीगन मूल घेऊन फिरताना

व्हीगन, म्हणजे मांसाबरोबर दूध, अंडं आणि मधही न खाणाऱ्या मोठ्या माणसाला बर्लिनमध्ये खायची ददात नाही. अडचण मुलाची असते. मोठ्यांना आवडणारे बर्गर आणि नूडल्स खारट-तिखट असतात, आणि जेवण टेबलावर येईपर्यंत मुलाची झोपायची वेळ होते. म्हणून खाण्याचा मुख्य आधार सुपरमार्केट आणि ड्रगस्टोअर धरा आणि हॉटेलातलं जेवण वरकड समजा. राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. एक शेगडी, एक पातेलं आणि फ्रिज एवढं पुरे.

युरोपीय संघाबाहेरून येत असाल तर सामानात ताजी फळं-भाज्या आणू नका, त्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांनाच सूट आहे, तेव्हा वाटेतल्या खाऊला केळीच बरी. प्रवासात लागेल तेवढ्या बाळाच्या अन्नाला विमानतळाच्या तपासणीत १०० मिलीची मर्यादा नाही, फक्त ते वेगळं काढून दाखवावं लागतं. डॉक्टरांनी दिलेले बी-१२चे थेंब हातातल्या पिशवीत ठेवा.

पहिल्याच दिवशी 'डीएम' किंवा 'रॉसमन' या ड्रगस्टोअरमध्ये जा. बाळांच्या खाण्याचं अख्खं कपाट तिथे असतं, पण डोळे मिटून उचलू नका. 'मिल्शब्राय' म्हणजे दूध पावडर घातलेली लापशी. तुम्हाला हवी ती 'गेट्रायडेब्राय', म्हणजे नुसत्या धान्याची. घटकांत दूध नाही हे बघून ती पाण्यात किंवा सोया ड्रिंकमध्ये कालवा. फळांच्या गराच्या पिळायच्या पाकिटांतही काहींत दही असतं, आणि चित्रावर फळंच दिसतात.

लेबल वाचायची एक सोपी युक्ती आहे. युरोपीय नियमानुसार १४ ॲलर्जीकारक घटक घटकांच्या यादीत ठळक छापावे लागतात, आणि दूध व अंडं त्यांत येतात. त्यामुळे जर्मन येत नसलं तरी ठळक शब्द तेवढे तपासले की बरंच काम होतं. 'मिल्श', 'मोल्के' (निवळी), 'ज़ाने' (साय), 'बुटर' आणि 'आय' (अंडं) हे शब्द मूळ जर्मन स्पेलिंगसह फोनमध्ये साठवून ठेवा. मात्र मध, जिलेटिन आणि चरबी ॲलर्जीच्या यादीत नाहीत, म्हणून ते ठळक नसतात. बिस्किटं आणि गोळ्या घेताना यादी पूर्ण वाचावीच लागते. 'लाक्टोज़ेफ्राय' लिहिलेल्या डब्यात दूधच असतं, फक्त त्यातली साखर फोडलेली असते. पिवळं व्ही चिन्ह शाकाहारी आणि व्हीगन दोन्ही मालावर तेच असतं, फरक खालच्या शब्दात. 'श्पूरेन' म्हणजे अंश असू शकतील अशी सूचना. ती ॲलर्जी असलेल्यांसाठी आहे. मुलाला ॲलर्जी नसेल तर तिकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही.

दुधाच्या जागी काय, हा सगळ्यात मोठा प्रश्न. युरोपात सोया किंवा ओटच्या पेयाला 'दूध' म्हणून विकता येत नाही, म्हणून खोक्यावर 'ड्रिंक' शोधा. लोक इथे हमखास चुकतात ते ऑरगॅनिक, म्हणजे 'बिओ' खोकं उचलून. ऑरगॅनिकच्या नियमांमुळे त्यात वरून कॅल्शियम घालता येत नाही. मुलासाठी साधं, बिनसाखरेचं, १०० मिलीला १२० मिग्रॅ कॅल्शियम असलेलं सोया ड्रिंक घ्या. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ४५० मिग्रॅ कॅल्शियम लागतं, त्यातलं ३६० मिग्रॅ अशा ३०० मिलीतून मिळतं. ओट ड्रिंकमध्ये प्रथिनं सोयाच्या जेमतेम तिसरा हिस्सा असतात. चवीला चालेल, मुख्य पेय म्हणून नको. नळाचं पाणी बिनदिक्कत प्या.

रात्रीच्या जेवणाला खोलीवर हे पुरतं: ३० ग्रॅम तांबड्या मसुरीची डाळ १५० मिली पाण्यात १२ मिनिटं शिजवा, त्यात ४० ग्रॅम बारीक पास्ता वेगळा उकडून घाला आणि वरून एक चमचा 'राप्सओल', म्हणजे रेपसीडचं तेल. तेल वगळू नका. लहान पोटाला भाज्या-कडधान्यांनी लवकर भरल्यासारखं होतं आणि उष्मांक कमी पडतात. टोफू घ्यायचा तर साधा. धुरावलेला टोफू मुलासाठी खारट. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा, आणि अख्खे दाणे-बदाम देऊच नका, सुकामेव्याचं गुळगुळीत बटर पावावर पातळ लावा.

रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला सुपरमार्केटं बंद असतात. शनिवारी संध्याकाळपर्यंत दोन दिवसांचं सामान भरा. विसरलात तर मुख्य स्टेशनवरची, म्हणजे हाउप्टबानहोफची दुकानं उघडी असतात, पण गर्दी मरणाची असते. ताज्या भाजी-फळांना मंगळवारी आणि शुक्रवारी मायबाखउफरवरचा तुर्की बाजार चांगला.

बाहेर खायचंच तर फलाफल. नॉयकोल्नमधल्या झोनेनआलेवर अरबी दुकानांची रांगच आहे. फलाफल बहुतेक ठिकाणी व्हीगन असतं, गोची सॉसमध्ये होते: पांढऱ्या सॉसमध्ये दही किंवा मेयोनेज असतं. हुमुस किंवा तिळाचा सॉस मागा आणि मुलासाठी तिखट नको म्हणून आधीच सांगा. बेकरीत साधा पाव, ज्याला बर्लिनवाले 'श्रिपे' म्हणतात, तो सहसा पीठ, पाणी, यीस्ट आणि मीठ एवढाच. क्रोसाँमध्ये लोणी. शंका आली तर 'इस्ट दा मिल्श ओडर आय ड्रिन?' (यात दूध किंवा अंडं आहे का?) असं विचारा. सुट्या पदार्थांचीही ॲलर्जीची माहिती द्यावीच लागते. बऱ्याचदा काउंटरमागे त्याची फाइल असते, ती मागायला लाजू नका. रोख पैसे जवळ असू द्या, काही लहान दुकानं कार्ड घेत नाहीत.

सहा वर्षांखालच्या मुलाला बस, ट्राम आणि मेट्रोचं तिकीट लागत नाही. विमानतळ तिकिटाच्या 'सी' झोनमध्ये आहे, म्हणून मोठ्यांनी 'एबीसी'चंच तिकीट काढायचं. सगळ्या मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट नाही, आणि असलेलीही बंद असू शकते. वाहतूक सेवेच्या ॲपमध्ये आदल्या रात्री बघून ठेवा, नाहीतर हलकी, घडी होणारी बाबागाडी न्या.

सकाळी एकच ठिकाण ठरवा. निसर्गेतिहास संग्रहालयातला १३ मीटरहून उंच डायनासोरचा सांगाडा लहानांना खिळवून ठेवतो, पण सोमवारी ते बंद असतं. सोमवारी टेम्पलहोफर फेल्डवर जा. जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर मूल मोकळं सोडता येतं, फक्त सावली जवळजवळ नाही. टोपी, पाणी आणि डब्यातला खाऊ घेऊनच निघा.