अमेरिकेतला 401(के) हा निवृत्ती फंड काढलात? फॉर्म 67 आधी भरा

पार्ल्यात परतलेल्या माझ्या मावशीने फंड काढला, तेव्हा तिकडेच कर कापला गेला. इथे रिटर्नमध्ये तिने हातात आलेली रक्कमच दाखवली होती. तसं करू नका. कापण्याआधीची पूर्ण रक्कम दाखवा, मग फॉर्म 67 भरून, तिकडे कापलेल्या कराची इथल्या करातून वजावट मागा. त्यासाठी 1042-एस हा, तिकडे किती कर कापला ते दाखवणारा कागद जपून ठेवा, पुरावा तोच.

कापलेल्या कराचे रुपये करताना डॉलरचा भाव मनाने धरू नका: कर ऑगस्टमध्ये कापला असेल, तर स्टेट बँकेचा 31 जुलैचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक परदेशातून आलेले डॉलर ज्या भावाने घेते तो, धरा. आर्थिक वर्ष 2025-26 मधल्या रकमेसाठी फॉर्म 67 ची मुदत 31 मार्च 2027 आहे, पण मी म्हणेन, रिटर्नच्या आधीच भरून टाका. वजावट मात्र जास्तीत जास्त त्या उत्पन्नावरच्या इथल्या कराइतकीच मिळते.