सुपर रोबोट वॉर्स ३०: पहिल्या लढाया कशा खेळाव्यात

'मॅझिंगर झेड' ही महाकाय रोबोटची कार्टून मालिका जपानी टीव्हीवर १९७२ मध्ये आली, 'गंडम' १९७९ मध्ये. या दोन वेगळ्या जगांतले रोबोट खांद्याला खांदा लावून लढतात ते 'सुपर रोबोट वॉर्स' या व्हिडिओ गेमच्या मालिकेत. पहिला गेम १९९१ चा, गेम बॉय या हातात धरायच्या गेमयंत्रावरचा. तुम्ही मात्र २०२१ च्या 'सुपर रोबोट वॉर्स ३०' पासून सुरुवात करा. पीसीसाठी तो स्टीम या ऑनलाइन दुकानात आहे. आवाज जपानी, मजकूर इंग्रजी. पट चौकोनांचा आणि खेळ आळीपाळीचा, त्यामुळे विचाराला हवा तेवढा वेळ मिळतो.

आधी रोबोटची जात ओळखा. मॅझिंगरसारखा सुपर रोबोट जाड चिलखतावर मार झेलतो, त्याला पुढे ठेवा. गंडमसारखा रिअल रोबोट मार चुकवून टिकतो. त्याच्यावर खेळातले पैसे खर्च करताना मला चपळाई आधी वाढवणं पटतं.

मग शस्त्रांची यादी उघडा. नवखे इथेच फसतात. ज्या शस्त्रावर 'पी' ही खूण आहे, तेच पुढे सरकल्यावर त्याच पाळीत वापरता येतं. लांब पल्ल्याची तोफ घेऊन धावत गेलात, तर तिथे नुसतं उभं राहावं लागेल. असा रोबोट एक पाळी आधीच मोक्याच्या जागी नेऊन ठेवा आणि शत्रूला टप्प्यात येऊ द्या.

शत्रूच्या पाळीत उलट वार करायचा, बचाव करायचा की चुकवायचं, हे तुम्हीच ठरवता. जीव थोडा उरला असेल तर बचाव घ्या. नुकसान बरंच कमी होतं.

आता या खेळाचा प्राण: जोश. प्रत्येक पायलटचा जोश साधारण १०० पासून सुरू होतो, शत्रू पडले की चढतो, आणि सर्वांत मोठी शस्त्रं ठरावीक जोशाशिवाय हातातच येत नाहीत. मूळ टीव्ही मालिकांतही नायक शेवटचा वार भागाच्या सुरुवातीला करत नसे. ती लय या नियमात जपली आहे, म्हणून मला तो फार आवडतो. तेव्हा किरकोळ शत्रूंवरचा अखेरचा घाव लाडक्या पायलटला द्या. इतरांनी शत्रू अर्धमेला करून ठेवायचा.

म्होरक्यासमोर पोचलात की वार हमखास लागावा म्हणून आणि नुकसान वाढावं म्हणून पायलटच्या विशेष आज्ञा आधी वापरा, मगच मोठं शस्त्र निवडा. वारांचं ॲनिमेशन एरवी वगळलं तरी चालेल. हा वार मात्र आवाज मोठा करून पूर्ण पाहा.